चौथऱ्यावरचं कोळशाचं इंजिन आतून कसं सडतं, आणि ते वाचवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

स्टेशनच्या बाहेर, रेल्वेच्या एखाद्या मोठ्या ऑफिससमोर, नाहीतर बागेत चौथऱ्यावर उभं केलेलं काळं इंजिन आपण सगळ्यांनी बघितलंय, मुलांना पुढे उभं करून फोटोही काढलेत. लांबून झकास दिसतं. काळा ऑइलपेंट, लाल पट्टे, चाकांच्या कडा पांढऱ्या, दांड्यांना चंदेरी रंग. आपण समजतो की वा, छान जपलंय. पण बऱ्याचदा ते नुसतं रंगवलेलं असतं, आणि रंगवणं आणि जपणं यात किती फरक आहे हे कळायला त्या रंगाच्या आत काय चाललंय ते बघावं लागतं. म्हणून हा लेख. इंजिनिअरिंग येत नसलं तरी चालेल, मी जमेल तितकं सोपं सांगतो.

आधी हे बघू की इंजिन चालू होतं तेव्हा ते टिकायचं कसं. वाफेचं इंजिन रोज तापायचं, आणि तापलेल्या लोखंडावर पाणी थांबत नाही. शेडमध्ये आलं की राख काढायची, ठराविक दिवसांनी बॉयलर आतून धुवायचा, फिटर हातोडी घेऊन नट-बोल्ट ठोकून बघायचा, आणि तेल तर इतकं ओतायचे की सगळ्या दांड्या, पिना, बेअरिंग कायम माखलेली असायची. त्या तेलकट कळकट थरानेच निम्मं इंजिन वाचायचं. चौथऱ्यावर चढवलं की हे सगळं एका दिवसात बंद. आग नाही, तेल नाही, हातोडी नाही, आणि वरून चार महिने पाऊस.

आता मुख्य भानगड. बाहेरून जो गोल गुळगुळीत काळा पिंपासारखा भाग दिसतो तो बॉयलर नसतो. तो पातळ पत्रा असतो, त्याला क्लॅडिंग म्हणतात. त्याच्या आत इंच-दोन इंचांचा उष्णता अडवणारा थर, आणि त्याच्याही आत खरा बॉयलर. पत्र्याच्या सांध्यांतून, स्क्रूच्या भोकांतून, सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुडातून पावसाचं पाणी आत जातं, तो थर ते शोषून घेतो आणि बॉयलरला ओला लपेटून बसतो, बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी आतली ओल पूर्ण जात नाही. पेंटर येतो, बाहेरच्या पत्र्याला नवा हात मारतो, सांधे रंगाने बुजतात, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर यायची उरलीसुरली वाटही बंद. दहा वर्षांनी कोणीतरी पत्रा उघडतो तेव्हा आतून गंजाचे पापुद्रे हातात येतात.

आणि तो जो आतला थर आहे ना, तो जुन्या इंजिनांत बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो. त्याची धूळ श्वासात गेली की फुप्फुसाचे गंभीर आजार होतात, कॅन्सरसुद्धा, आणि ते दिसायला कित्येक वर्षं जातात. त्यामुळे चौथऱ्यावरच्या इंजिनाचा पत्रा फाटून आतून पांढरट-करडं पिठासारखं काही बाहेर आलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, मुलांना तर जवळपासही जाऊ द्यायचं नाही. ते काढायचं काम प्रशिक्षित माणसांचं, जागा बंदिस्त करून, ओलं करून, मास्क आणि अंगभर सूट घालून. उत्साही मंडळींनी रविवारी श्रमदानात करायचं हे काम नव्हे! काढल्यावर त्या जागी रॉकवूल किंवा ग्लासवूल घालतात, आणि इंजिन पुन्हा कधी चालवायचंच नसेल तर काहीच घालत नाहीत, पत्र्याला आतून चौकट देऊन पोकळी ठेवतात, हवा खेळती राहते. मला हा शेवटचा उपाय सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

दुसरी सडकी जागा म्हणजे स्मोकबॉक्स, धुरांड्याच्या खालचा भाग. इंजिन शेवटचं चाललं त्या दिवशीची राख तिथे तशीच राहिलेली असते, कारण शेवटच्या दिवशी साफ कोण करणार. कोळशाच्या राखेत गंधक असतं, त्यात धुरांड्यातून पावसाचं पाणी पडलं की आम्ल तयार होतं, ते तळाचा पत्रा खात बसतं. हीच गत फायरबॉक्सखालच्या, म्हणजे जिथे आग पेटते त्या पेटीखालच्या, राखपेटीची आणि टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, तळाची, कारण टेंडरमध्ये कोळशाचा भुगा साठलेला असतो आणि पाण्याची टाकी तर मुळात पाण्यासाठीच केलेली. धुरांड्याला साधं पत्र्याचं झाकण बसवलं असतं तर निम्मं वाचलं असतं, पण झाकण लावलं की इंजिन चांगलं दिसत नाही म्हणे. अहो, खालून बघणाऱ्याला कळतही नाही.

गंजाचा अजून एक खोडसाळपणा आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा घेतो. रिव्हेट मारून एकमेकांवर घट्ट बसवलेले दोन पत्रे असतील आणि मधल्या फटीत पाणी शिरलं, तर आत तयार होणारा गंज ते पत्रे हळूहळू फाकवतो, रिव्हेटची डोकीही उडवतो. वरून कितीही रंग मारा, तो आतून काम करतच राहतो.

खाली चाकांकडे या. अ‍ॅक्सलबॉक्समध्ये, म्हणजे चाकाचा आस जिथे टेकून फिरतो त्या पेटीत, तेल असायचं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत शिरलेलं पाणी तेलाच्या खाली जाऊन बसतं. वरून बोट घालून बघितलं तर तेल लागतं, सगळं ठीक वाटतं, आणि खाली पाणी साचून पेटीचा तळ खात असतं. त्यात इंजिन वर्षानुवर्षं एकाच जागी उभं, चाक इंचभर सरकलेलं नाही, म्हणजे आस आणि बेअरिंग त्याच एका जागी एकमेकांना चिकटून. पुढे कधी हलवायची वेळ आली की पहिल्या फेरीतच ते खरवडून निघतं. काही ठिकाणी तर रूळ काँक्रीटमध्ये पुरलेले असतात, पाणी जायला उतार नाही, चाकं पावसाळाभर डबक्यात.

आता रंगाबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान प्रेमापोटी होतं. गावच्या मारुतीवर शेंदराची पुटं चढत जातात, कधीतरी ते कवच निखळतं आणि आतली मूळ मूर्ती दिसते, तेव्हा कळतं की आपण ज्याला मूर्ती म्हणत होतो तो आकारच वेगळा होता. इंजिनाचंही तसंच होतं. तेलाच्या भोकांत रंग, नंबरांवर रंग, अक्षरांचे उठाव बुजलेले. मात्र ती पुटं म्हणजे पुरावाही असतो. जाणकार माणूस एका कोपऱ्यात छोटासा चौकोन थराथराने घासतो, आणि कुठल्या काळात कुठला रंग होता ते क्रमाने दिसतं. जुन्या इंजिनांच्या दांड्यांवर, व्हॉल्व्हच्या भागांवर बरेचदा इंजिनाचा नंबर ठोकलेला असतो, त्यावरून कळतं की शेडमध्ये कुठल्या इंजिनाचा भाग कुठल्याला लावला गेला. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा, करून दोन दिवसांत सगळं लख्ख केलं की हा सगळा इतिहास वाळूबरोबर गेला. त्या चंदेरी रंगाचं तर मला फारच वाईट वाटतं. त्या दांड्या मुळात घासून चकचकीत केलेल्या पोलादाच्या असतात, त्यांना ग्रीस किंवा मेणासारखं काहीतरी लावून ठेवायचं असतं, मधूनमधून पुसून परत लावायचं. पण पुसायला माणूस लागतो, रंग एकदा मारला की वर्षभर सुट्टी.

रंग कोणत्या काळातला द्यायचा हाही वादाचाच विषय. आपल्या फेअरी क्वीनचं उदाहरण घ्या. १८५५ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन, थॉम्पसन अँड ह्युइटसन कंपनीने बनवलेलं हे इंजिन, ईस्ट इंडियन रेल्वेचं २२ नंबरचं. पण फेअरी क्वीन हे नाव त्याला मिळालं १८९५ला. म्हणजे कोणी म्हटलं की आपण अगदी मूळ १८५५चं रूप देऊ, तर ज्या नावाने लोक त्याला ओळखतात ते नावच पुसावं लागेल. म्हणून काम सुरू करण्याआधी कागदावर ठरवायचं असतं की आपण इंजिनाच्या आयुष्यातलं कुठलं वर्ष दाखवतोय, आणि का.

या फेअरी क्वीनची कहाणी पुढेही ऐकण्यासारखी आहे. १९०९ला ते निवृत्त झालं, मग हावडा स्टेशनबाहेर चौथऱ्यावर, १९४३ला तिथून उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे ट्रेनिंग स्कूलमध्ये, नंतर दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, आणि ८८ वर्षांनी, १९९७ला, परत वाफेवर धावलं. दिल्ली ते अलवर पर्यटकांची गाडी ओढली, दुसऱ्या वर्षी गिनीजमध्ये नाव गेलं. आणि मग २०११च्या सुमारास त्याचे भागच चोरीला गेले! चेन्नईतल्या पेरांबूरच्या वर्कशॉपला नेऊन परत सगळं उभं करावं लागलं. जगात नाव झालेल्या इंजिनाची ही गत, तर गावातल्या चौकात रात्रभर एकट्या उभ्या असलेल्या इंजिनाचं काय. पितळ, तांबं, गनमेटल, भंगारात सगळ्याला भाव आहे, त्यामुळे प्रेशर गेज, शिट्टी, नळ, नावाच्या पाट्या आधी गायब होतात. म्हणून बऱ्याच संग्रहालयांत खरी पाटी आत कुलपात ठेवतात आणि बाहेर नक्कल लावतात. यात फसवणूक काही नाही, खाली तसं लिहिलं म्हणजे झालं.

आता तो प्रश्न जो प्रत्येक जण विचारतो: चालू का करत नाहीत?

वाफेच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे दाबाखाली कोंडलेलं उकळतं पाणी. आपल्याकडच्या डब्ल्यूपी या प्रवासी गाड्या ओढणाऱ्या इंजिनाचा दाब होता चौरस इंचाला २१० पौंड, त्या दाबाला आतलं पाणी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. दाब आहे म्हणून ते पाणी राहतं. बॉयलर कुठे फाटला, दाब एकदम गेला, की त्या पाण्यातला बराच भाग क्षणात वाफ होतो, आणि पाण्याची वाफ झाली की ती हजारपटीपेक्षा जास्त जागा मागते. म्हणून बॉयलर गळत नाही, फुटतो.

सगळ्यात नाजूक जागा फायरबॉक्सच्या वरचा पत्रा. त्याच्या खाली आग, वर पाणी. पाणी आहे तोवर पत्रा सुरक्षित, पाणी खाली गेलं की काही मिनिटांत पत्रा लाल होऊन मऊ पडतो. १६ जून १९९५ला अमेरिकेत गेटिसबर्गजवळ एका पर्यटक गाडीच्या इंजिनावर हेच झालं, पाणी कमी झालेलं कळलं नाही कारण पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे पाणी नेणाऱ्या वाटा क्षाराने बुजत आल्या होत्या. इंजिनावरचे तिघे भाजले. चौकशीत देखभालीतल्या आणि प्रशिक्षणातल्या त्रुटी निघाल्या, आणि त्यानंतर अमेरिकेतले नियम बदलले. आता तिथे १४७२ दिवस चालवल्यावर किंवा १५ वर्षं झाल्यावर, जे आधी येईल तेव्हा, बॉयलर पूर्ण उघडून तपासावाच लागतो.

तपासणी कशी करतात तेही रंजक आहे. फायरबॉक्सच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंतींना शेकडो आडव्या खिळ्यांनी एकमेकींशी बांधलेलं असतं, त्यांना स्टे म्हणतात. अनुभवी बॉयलरवाला एकेक स्टे हातोडीने ठोकत जातो, धड असेल तर खणखणीत आवाज, तुटलेला असेल तर बद्द. काही स्टेंना मधोमध बारीक भोक पाडलेलं असतं, स्टे तुटला की त्या भोकातून पाणी ठिबकतं, म्हणजे तो आपणहून सांगतो. पत्र्याची जाडी आता अल्ट्रासॉनिक मीटरने मोजतात, सगळ्या बॉयलरवर चौकटी आखून, कारण एकाच जागी जाडी चांगली आली म्हणजे शेजारीही चांगली असेल असं नाही. मग थंड पाणी काठोकाठ भरून पंपाने दाब द्यायचा, चालवायच्या दाबाच्या सव्वापट ते दीडपट. हवा किंवा वाफ न वापरता पाणी का, तर थंड पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे कुठे फुटलं तर फक्त चिळकांडी उडते. हे पास झालं तरच आग पेटवायचा विषय.

आणि हे करणारी माणसं? आपल्याकडे ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ला जालंधर-फिरोजपूर धावली. तेव्हा शेडमध्ये काम शिकलेला सगळ्यात तरुण माणूससुद्धा आज पन्नाशी-साठीचा झाला असेल. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये ही विद्या रेल्वेने जिवंत ठेवलीय, तिथे आजही इंजिनं वाफेवर येतात. पण अशी ठिकाणं किती?

पैशांचं म्हणाल तर ब्रिटनच्या फ्लाइंग स्कॉट्समनची गोष्ट सगळ्या हौशी लोकांनी पाठ करावी. १९२३चं इंजिन, यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २००४ला २३ लाख पौंडांना घेतलं, २००६ला दुरुस्तीला काढलं, आणि ते पूर्ण झालं २०१६ला, ४२ लाख पौंड खर्चून. उघडत गेले तसतशी नवी दुखणी निघत गेली, मुख्य चौकटीत तडे सापडले. म्हणजे दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या जवळपास दुप्पट. आणि हे अनुभवी, पैसेवाल्या संस्थेचं.

उलट अमेरिकेचं बिग बॉय ४०१४. १९४१चं, टेंडरसकट साधारण ५४० टनांचं धूड. १९६२पासून कॅलिफोर्नियात पोमोनाच्या संग्रहालयात उघड्यावर उभं होतं, २०१३ला युनियन पॅसिफिक कंपनीने परत घेतलं आणि मे २०१९ला ते धावलं. अशी आठ इंजिनं शिल्लक होती, त्यातलं हेच का निवडलं, तर तिथली हवा कोरडी आणि संग्रहालयातल्या लोकांनी ते नीट राखलेलं. पन्नास वर्षं उघड्यावर राहूनही जमलं ते हवेमुळे. आपल्याकडे कोकणात किंवा मुंबईत ही चैन नाही, मिठाची हवा, चार महिने झड.

त्याचवेळी हेही खरं की चालू केलेलं इंजिन मूळ राहत नाही. ट्यूब, म्हणजे बॉयलरमधल्या गरम धुराच्या नळ्या, बदलतात, स्टे बदलतात, पत्रे बदलतात, कधी अख्खा बॉयलर नवा. १८२९चं रॉकेट इंजिन ब्रिटनने म्हणूनच तसंच ठेवलंय, लोकांना चालताना दाखवायला १९७९ला वेगळी प्रतिकृती बांधली. अमेरिकेच्या स्मिथसोनियनने मात्र १८३१चं जॉन बुल १५०व्या वर्षी, १९८१ला, तपासण्या करून खरोखर वाफेवर चालवलं आणि परत संग्रहालयात ठेवलं. दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत. माझा कल पहिल्या बाजूला आहे, जे एकच उरलंय ते उभं ठेवा, ज्याची भावंडं पाच-दहा आहेत त्यातलं एखादं धावू द्या.

आपल्या जवळचं बघायचं तर माथेरानची गाडी. १९०७ला सुरू झाली, जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने बनवलेली छोटी इंजिनं, दोन फुटांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. घाटातली वळणं इतकी तीव्र की टोकाच्या चाकांना पोकळ आस दिलेला, आतला आस सरळ राहतो आणि बाहेरची पोकळ नळी चाकांसकट थोडी वळते. बाहेरून हे काही दिसत नाही. या इंजिनांपैकी ७४० नंबरचं इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेकडे पोचलंय, आणि नेरळलाही एक जुनं इंजिन प्रवाशांना बघायला ठेवलेलं आहे. अशा इंजिनाला नुसता वरून रंग मारत राहिलं तर ती आतली वळणारी यंत्रणा गंजून एकजीव होईल आणि कोणाला कळणारही नाही, कारण बघणाऱ्याच्या दृष्टीने इंजिन तसंच छान दिसतंय.

मग कमी पैशात करायचं काय. सगळ्यात पहिलं, छप्पर. पन्हळी पत्र्याचं असलं तरी चालेल, पण झड आत येणार नाही इतकं पुढे काढलेलं आणि बाजू मोकळ्या, कारण बंद खोलीत ओल कोंडते. दहा वेळा रंग मारण्याच्या पैशात एक छप्पर होतं आणि ते रंगापेक्षा जास्त वाचवतं. ताडपत्री गुंडाळून ठेवणं हा उपाय नव्हे, आत घाम सुटतो. मग राख, भुगा, घाण उपसून काढायची, धुरांडं झाकायचं, बॉयलर आणि सिलिंडरचे खालचे नळ उघडे ठेवून साचलेलं पाणी जाऊ द्यायचं. बॉयलर एकदा पूर्ण वाळवला की आत सिलिका जेल किंवा चुनकळीची ताटं ठेवून सगळी तोंडं बंद करता येतात, फक्त ती ताटं वेळच्या वेळी बदलायची, नाहीतर विसरून जातात. चाकं जमिनीवरच्या रुळावर कोरडी, जमलं तर वर्षातून एकदा तेल घालून इंजिन फूटभर पुढेमागे सरकवायचं.

रंग सगळ्यात शेवटी. आधी फोटो, मापं, जुन्या थरांची नोंद, मग गंज काढून चांगला प्रायमर, मग रंग. आणि तोही हिवाळ्यात-उन्हाळ्यात. हवेतली वाफ ज्या तापमानाला पत्र्यावर दव होऊन बसते त्याच्यापेक्षा पत्रा निदान तीन अंश गरम हवा असा नियम आहे, नाहीतर रंगाच्या खाली पाण्याचा अदृश्य थर अडकतो आणि वर्षभरात फुगे येतात. १५ ऑगस्टच्या आदल्या आठवड्यात घाईघाईने जे रंगकाम होतं त्याचं पुढे काय होतं ते यावरून समजून घ्या.

तुमच्या गावात असं इंजिन असेल आणि कोणी "आपण हे चालू करू" म्हणून वर्गणी काढत असेल, तर पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा: बॉयलरची जाडी मोजलेला कागद आहे का, आणि छप्पर कधी घालताय. पहिल्याचं उत्तर नसेल तर वर्गणी दुसऱ्यासाठी द्या.